उजेडात बघितल्याशिवाय

लातुरात एका दुपारी शोरूममधला मोठा टीव्ही उचलून भर रस्त्यात उन्हात ठेवला गेला, ही बातमी आमच्या दैनिकाने छापली नाही. मी तिथे हजर होतो, त्यामुळे ती द्यायची झाली असती तर मलाच द्यावी लागली असती. पण कुणी जखमी झालं नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती, वाहतूक थोडा वेळ अडली एवढंच. शिवाय ज्यांच्या हट्टामुळे तो टीव्ही बाहेर आला, ते माझे घरमालक होते.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. गंजगोलाईत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडीला जुळणारे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल विकण्याचं हे दुकान. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो, तेव्हा दुकान दुसऱ्याच्या हातात गेलेलं होतं. पत्नी वारली होती. खालच्या मजल्यावर ते एकटे राहत.

या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक बाई साडीवर ब्लाउजपीस ठेवून बघते, जुळला असं वाटतं, आणि तरीही ती दोन्ही घेऊन दुकानाबाहेर येते. ट्यूबलाइटखाली एकच दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात. बहुतेक दुकानदारांना हे आवडत नाही. अप्पा मात्र बायकांना स्वतःच बाहेर पिटाळत. ‘‘बाई, उजेडात बघितल्याशिवाय पैशे देऊ नका. घरी जाऊन मला शिव्या देताल.’’ दुकान गेलं तरी ही सवय गेली नव्हती. ते भाजी उन्हात धरून घेत. औषधाच्या गोळ्या दारात जाऊन तळहातावर बघत आणि मगच तोंडात टाकत. दिवसा घरात दिवा लावत नसत आणि जेवायला उंबऱ्याजवळ बसत, कारण आतल्या उजेडात वरणाचा रंग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. रंग राहत. ‘‘काल त्यो मेंदीवाला आला होता, तुला विचारून राहिला होता,’’ असं ते सांगत, आणि मला आठवावं लागे की काल कोणत्या वार्ताहराने मेंदी रंगाचा शर्ट घातला होता. राणी, अंजिरी, चटणी, मोतिया, रामा, श्रीखंडी. त्यांच्याकडे निळा किंवा हिरवा असा नुसता रंगच नव्हता. मी आलो त्या दिवशी राखाडी शर्टात होतो, म्हणून बरेच महिने मी राखाडी होतो. नंतर पेपरवाला झालो. बढतीच म्हणायची.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला अक्का म्हणत, कारण अप्पांची आई उदगीरकडची, तिच्या बोलण्यात कानडी होती आणि तिने नातीला पहिल्या दिवसापासून अक्काच म्हटलं. अक्का बेंगळूरला नोकरी करत होती. तिने आपल्याबरोबर शिकलेल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा नांदेडच्या बौद्ध कुटुंबातला. अप्पा लग्नाला गेले नाहीत. ‘‘तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई,’’ असं ते तिला म्हणाले होते. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यात स्वतःची बाजू काही मांडली नाही. आईच्या मातीला अक्का एकटी आली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. आई तिच्याशी रोज चोरून बोलत असे, हे तेव्हा अप्पांना कळलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येऊ लागला. ते तिला कधी येतो म्हणाले नाहीत, ती कधी या म्हणाली नाही. बाकी सगळं बोलत. आमटीत चिंच की आमसूल, गल्लीत कोण वारलं, पाणी किती दिवसांनी आलं.

एका रविवारी कॉल संपल्यावर ते माडीवर आले. माडीवर ते सहसा येत नसत.

‘‘तू पोरीला बघितलंस ना रं मागल्या रविवारी फोनमंदी? कशी दिसली?’’

‘‘चांगली दिसली की.’’

‘‘पिवळी न्हाई दिसली?’’

मला तसं काही दिसलं नव्हतं. मी फोन मागितला आणि तिने पाठवलेला एक फोटो उघडला. त्यांच्या फोनवर ती किंचित गुलाबी दिसत होती. माझ्या फोनवर सावळी. खालच्या जुन्या टीव्हीवर तोच फोटो लावला तर निळसर. अप्पा तिन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. दुकानात एखाद्या रंगाचा पीस मिळाला नाही की जसे बघत असतील तसे.

‘‘तीन काचा, तीन पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘यातली माझी कोणती?’’

तिला विचारलं की ती म्हणे, मी मजेत आहे. आवाज तर ठणठणीत होता. पण तिचा रंग उतरलाय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि मनाने घेतलेलं खरं की खोटं, हे ठरवायला त्यांना खरा रंग दाखवणारा पडदा हवा होता. दुसरा मार्ग म्हणजे जाऊन बघणं. तो त्यांनीच बंद करून ठेवला होता.

त्या सुमारास दुकानांत नव्या पडद्याचे टीव्ही येऊ लागले होते. जुन्या सपाट टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढचा पडदा तो उजेड कमीजास्त अडवतो, म्हणून काळा रंगही जरा राखाडीच दिसतो. नव्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्या जागी तो विझलेलाच असतो. शोरूमवाले त्याची जाहिरात ‘अस्सल रंग’ अशी करत. अप्पांनी ती जाहिरात आमच्याच दैनिकात वाचली.

मग शोरूमच्या चकरा सुरू झाल्या. मुख्य रस्त्यावरच्या एका शोरूमचा मालक त्यांच्या ओळखीचा होता. त्याची आई त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तो प्रत्येक वेळी खुर्ची देई, चहा मागवी आणि टीव्हीवर नमुन्याचं चित्र लावी. त्यात समुद्राच्या तळाचे मासे, परदेशी फुलं, लाल-निळे पोपट. अप्पा थोडा वेळ बघत आणि हात वर करत.

‘‘बंद कर. ह्ये पोपट म्या जन्मात कधी बघितले न्हाईत. न बघितलेल्या पोपटाचा रंग खरा का खोटा, मला काय ठाव?’’

‘‘अप्पा, कंपनीनं दिलेला व्हिडिओ आहे हा.’’

‘‘कंपनी हुशार हाय. कुणाच्या वळखीचं कायबी दावत न्हाई. तू मला वरण-भात दाव. लिंबू दाव. तुझ्या आईला उभी कर टीव्हीत.’’

‘‘आईला कुठून आणू? ती गावाकडं आहे.’’

‘‘मग तिला इचार, म्या तिला दिलेला डाळिंबी पीस अजून हाय का. त्यो दाव. मी लगेच सांगतो तुझी काच कशी हाय ती.’’

ज्या दुपारचा उल्लेख मी सुरुवातीला केला, त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर होतो. मालकाने नवा टीव्ही खोक्यातून काढून लावला होता. अप्पांनी तो जवळून बघितला, लांबून बघितला, बाजूने बघितला. पहिल्यांदाच त्यांनी मान हलवली. मालकाचा जीव भांड्यात पडला. मग अप्पा म्हणाले, ‘‘आता ह्याला बाहेर घे.’’

‘‘कुठं बाहेर?’’

‘‘रस्त्यावर. उजेडात बघू.’’

मालकाने समजावलं. नोकरांनी समजावलं. मीही सांगितलं की टीव्ही उन्हात बघायची वस्तू नाही. अप्पा खुर्चीत जाऊन बसले. ‘‘तुझी आई प्रत्येक पीस उन्हात बघून घ्यायची. म्या कधी तिला अडवलं न्हाई.’’  मालकाने दोन नोकरांना बोलावलं, लांब वायर काढली आणि टीव्ही टेबलासकट रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. रिक्षा थांबल्या. माणसं जमली.

‘‘काय वो अप्पा,’’ शेजारच्या दुकानातून एक बाई ओरडली, ‘‘टीव्हीला फॉल-पिको बी करून देतात का आता?’’

‘‘अस्तर बी लावून देतात,’’ रिक्षावाला म्हणाला.

टीव्ही सुरू होता, पोपट उडत असणार, पण काहीही दिसत नव्हतं. उन्हात तो काळा पडदा आरशासारखा झाला होता. त्यात आकाश होतं, विजेच्या तारा होत्या, जमलेली माणसं होती आणि मधोमध पांढऱ्या टोपीतले अप्पा. ते वाकून बघत होते. बराच वेळ बघत राहिले. माणसं हसून हसून पांगली तरी ते वाकलेलेच होते.

‘‘ह्यात तर मीच हाय,’’ शेवटी ते म्हणाले.

मालकाने हात जोडले.  घरी परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी अप्पा म्हणाले, ‘‘मी लई बारीक झालो की रं. कुणी सांगितलंच न्हाई.’’ घरात आरसा होता, पण तो आतल्या खोलीत, अंधारात होता.

मी त्यांना समजावून सांगितलं. कापडाला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्यावर बाहेरचा उजेड पडतो तेव्हा रंग दिसतो. पडदा स्वतःचा उजेड घेऊन येतो, त्याला बाहेरचा चालत नाही. त्यांना हे पटलं, पण आवडलं नाही. काही दिवस ते याच गोष्टीवर विचार करत होते. मग एका सकाळी कपाटातून कापडाचा उरलेला एक तागा काढून त्यांनी पायरीवर पसरला. दुकान देताना थोडा माल त्यांनी ठेवून घेतला होता. रंग बदामी. माणसाच्या अंगाच्या सगळ्यात जवळचा रंग तोच, ते म्हणाले. त्यातला एक पीस त्यांनी कापला आणि त्याचे दोन भाग केले.

‘‘एक तिला धाडायचा. एक माझ्यापाशी. रविवारी तिनं खिडकीत बसायचं आन् पीस गालाजवळ धरायचा. तिचा फोन खोटा असंल, मधली वाट खोटी असंल, माझी काच खोटी असंल. असू दे. तिच्या हातातला पीस माझ्या हातातल्यावाणी दिसला, की तिचं तोंड बी खरं दिसून राहिलं म्हणायचं. एकाच उजेडात दोन्ही हायेत की न्हाई?’’

मी जरा विचार करून बघितला. त्यात चूक सापडली नाही.

टीव्ही अखेर नांदेडहून आणला, कारण लातूरच्या मालकाने त्यांना आता चहा विचारणंही सोडलं होतं. मी त्यांच्यासोबत एसटीने गेलो. अहमदपूरला बस थांबली तेव्हा ते खाली उतरले नाहीत, खिडकीतूनच बोलत होते. अक्का लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची. काउंटरवर बसून बायकांच्या साड्यांकडे नुसती बघायची आणि सांगायची, वरून तिसरा गठ्ठा, मधला पीस. बायका हसायच्या. अप्पा तो पीस काढायचे. तो जुळायचा. ‘‘तिचा डोळा माझ्यापेक्षा तेज. दुकान तिला द्यायचं मनात होतं. पण इंजिनिअर झाली.’’ मग पुढच्या सीटच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरून बघू लागले. 

कुरियर पोचल्यावर तिचा फोन आला.

‘‘अप्पा, ब्लाउजपीस अर्धाच पाठवलात. कंजूष झालात का?’’

‘‘अर्धा हितं हाय.’’

ती हसायला लागली. हसता हसता थांबली. काउंटरवर बसलेल्या मुलीला अर्ध्या पिसाचा अर्थ वेगळा सांगायला लागत नाही. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘रविवारी धरते.’’

रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. फोनवरचं चित्र टीव्हीवर घ्यायचं त्यांना जमत नव्हतं. खिडकीची एकच फळी उघडी ठेवली होती, अशी की उजेड त्यांच्या हातावर पडेल आणि पडद्यावर पडणार नाही. जागा त्यांनी आदल्या दिवशी खुर्ची सरकवून सरकवून ठरवली होती. अक्का पडद्यावर आली. इतक्या मोठ्या आकारात मी तिला प्रथमच बघत होतो. चेहरा हसरा होता, केस मागे बांधलेले. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बंद केला.

‘‘धरू का?’’

‘‘धर.’’

तिने पीस गालाशी धरला. अप्पांनी आपला पीस हात लांब करून पडद्याच्या कडेला धरला.  मला दोन्ही कापडं सारखीच दिसली, पण माझ्या डोळ्याला काही किंमत नव्हती. मी अप्पांकडे बघत होतो. त्यांनी पिसाकडे बघितलं, तिच्या हातातल्या पिसाकडे बघितलं आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

‘‘काय झालं अप्पा? जुळला का?’’

‘‘न्हाई बा,’’ ते म्हणाले. ‘‘जुळंना. हितं तुझा पीस शेवाळी दिसून राहिला. काचंतच खोट हाय.’’

‘‘नक्की?’’

‘‘मी सांगतो ना. नांदेडवाल्यानं फसवलं.’’

तिने पीस खाली घेतला. तिच्या खांद्यांवरचा ताण गेलेला मला स्पष्ट दिसला. त्या पडद्यावर सगळंच स्पष्ट दिसत होतं. ‘‘मग परत करून टाका,’’ ती म्हणाली. ‘‘एवढे पैसे कशाला घालवायचे?’’ मग आमटी, पाणी, गल्ली, आणि कॉल संपला.

अप्पा पिसाची घडी करत होते. काठाला काठ लावून, हाताने दाबून.

‘‘जुळला,’’ ते म्हणाले.

मी वळून पडद्याकडे बघितलं, पण तो आता काळा होता.

‘‘पिवळी हाय. आजची न्हाई, लई दिवसाची. डोळ्यापाशी बघ, ओठापाशी बघ. आन् गळा.’’

‘‘मग जुळला नाही असं तिला का सांगितलंत?’’

त्यांनी घडी मांडीवर ठेवली. ‘‘दुकानात बाई जुनी साडी घेऊन यायची जुळवायला. साडी कुठं तरी विरलेली असायची, रफू केलेली असायची. आपल्याला पसरल्याबरोबर दिसतं. पण आपण बोलायचं न्हाई. तिनं इषय काढला तर बोलायचं. न्हाई काढला तर गपचूप पीस जुळवून द्यायचा. तिनं मला सांगितलं न्हाई. का न्हाई सांगितलं? मी दारात येणार न्हाई म्हणालो हाय. मग माझ्याजवळ काढून काय करायचं तिनं?’’

‘‘तुम्ही जा ना. नुसतं जा.’’

‘‘तिनं या म्हणल्याबिगर?’’ ते म्हणाले. ‘‘तिथं जायचं तोंड म्याच घालवलं.’’

त्यानंतर लातुरात अप्पांच्या टीव्हीची बदनामी झाली. शोरूमचा मालक त्यांना रस्त्यात अडवून म्हणाला, ‘‘बघा अप्पा, नांदेडच्या नादी लागलात. आमच्याकडून घेतला असता तर?’’ अप्पांनी ऐकून घेतलं. उभ्या आयुष्यात त्यांनी खऱ्या रंगाला खोटं म्हटलं नसेल, पण या टीव्हीला ते भेटेल त्याच्यापुढे खोटा म्हणत, आणि रोज त्याच्यावरची धूळ पुसत. दर रविवारी खिडकीची तीच फळी उघडली जाई. शेवटी ते विचारत, ‘‘बाकी?’’ ती म्हणे, ‘‘बाकी मजेत.’’ मग ते थोडा वेळ थांबत. ही वाट तिच्यासाठी मोकळी ठेवली आहे हे मला कळत होतं. तिला कळत होतं की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं. ‘‘टीव्ही बदललात का?’’ ती विचारी. ‘‘बदलू की,’’ ते म्हणत. कॉल संपला की पडदा काळा होई आणि ते त्याच्यासमोर बसून राहत. मी जिन्यावरून खाली येताना मला ते दिसत, काळ्या पडद्याकडे तोंड करून बसलेले. जेवण वाढून उंबऱ्याजवळ ठेवलेलं असे.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. निघताना त्यांनी माझ्या नव्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली, ‘‘एका धुण्यात जाईल ह्यो रंग,’’ एवढंच म्हणाले. त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. मीच अधूनमधून करत असे आणि ते ‘बरं हाय’ म्हणत.

एका सकाळी कार्यालयात असताना त्यांचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

‘‘कुठं आहात अप्पा?’’

‘‘गाडीत. बेंगळूरच्या.’’

‘‘सांगितलं तिनं?’’

‘‘रविवारी. लिव्हरचं हाय म्हणाली. औषधं चालू हायेत.’’ गाडी कुठलातरी पूल ओलांडत होती. आवाज बुडाला आणि परत आला. ‘‘मी म्हणालो, बाकी? तर म्हणाली, अप्पा, त्या दिवशी पीस जुळला होता ना? मी म्हणालो, हाव.’’

‘‘मग?’’

‘‘मग कुणीच बोललं न्हाई. लई वेळ. मला वाटलं फोन बंद पडला. मग म्हणाली, या.’’

मी विचारलं, सोबत कुणी आहे का. नाही म्हणाले. तिकडे उतरल्यावर काय करणार, विचारलं.

‘‘जावई स्टेशनावर येणार हाय म्हणं न्यायला,’’ अप्पा म्हणाले. ‘‘त्याला म्या अजून बघितलंच न्हाई रं.’’